प्रयागचा निकाल

“दादा, मागच्या बारीला बी हीच जीप हुती न्हवं?”

प्रयागनं मागच्या फळीवरून विचारलं. मी पुढं ड्रायव्हरशेजारी, मांडीवर फायलींचा गठ्ठा घेऊन बसलो होतो.

“हीच,” मी म्हणालो. “फक्त गाद्या नव्या घातल्यात.”

“आन् डायवर?”

“तोही हाच.”

“मंजे समदं तेच हाय की. निस्तं उलटं निघालाव.”

जीपमध्ये आठ बाया होत्या. त्यांतली एक फिस्सकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावून बाहेर बघायला लागली. भूकंपाला सहा महिने झाले होते, पण आमच्याकडं हसण्याला अजून परवानगी मिळालेली नव्हती.

मी त्या भागात आरोग्य सेवक होतो. गोळ्या वाटणं, विहिरीत पावडर टाकणं, रक्ताचे नमुने घेणं ही माझी कामं. पण खरं काम एकच, कुटुंब नियोजनाच्या केसेस आणणं. त्यात माझा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कुणी नव्हता. दोन पोरं झालेल्या बाईच्या घरी मी गेलो की सासू आधी शिव्या द्यायची, मग चहा द्यायची आणि तिसऱ्या खेपेला सून द्यायची. एका मोहिमेत मी चौऱ्याण्णव बायका नेल्या. त्याबद्दल जिल्ह्याच्या ठिकाणी टाळ्यांच्या गजरात मला मनगटी घड्याळ मिळालं. लोक मला माघारी ‘नसवाला’ म्हणत आणि समोर ‘दादा’.

मग तो भूकंप आला. नागझरवाडीतली घरं दगडाची, भिंती दोन-दोन हात रुंद आणि माळवदाच्या छतावर पिढ्यान्‌पिढ्या टाकत आणलेली माती. सगळं आत झोपलेल्यांवर बसलं. आत बायका आणि पोरं होती. पुरुष बरेचसे बाहेर झोपलेले. कुणी खळ्यावर, कुणी पारावर, कुणी नुसतंच गार वारं लागतं म्हणून अंगणात. बायका आत होत्या, कारण बायका आतच असतात.

तेव्हा ज्या बायकांची मी ऑपरेशनं करून आणली होती, त्यांतल्या कितीतरी बायका वाचल्या आणि पोरं गेली. सरकारला दया आली. हुकूम निघाला, की अशा बायकांच्या नसा परत जोडून द्याव्यात. शहरातून मोठे सर्जन येणार, तालुक्याच्या दवाखान्यात शिबिर होणार. बायका कोण आणणार? ज्याला घरं माहीत आहेत तो. घरं आता नव्हती, पण मला माहीत होती.

म्हणून तीच जीप, तोच ड्रायव्हर आणि तोच मी.

प्रयाग आठांत सगळ्यात लहान, एकोणतीसची. अंकुश आणि संतराम ही तिची दोन पोरं, एक नऊ वर्षांचा, एक सात. भूकंपाच्या रात्री ती गोठ्यात होती. चार दिवसांची बाजूला बसली होती. धाकटा संतराम सांजच्याला तिच्याजवळ झोपायचं म्हणून हट्टाला पेटला. सासू आतून ओरडली, “शिवू नगंस रं तिला!” आणि प्रयागनंच त्याला सांगितलं, “जा बाबा आजीपाशी, परवा घेते तुला.” गोठ्याला पत्रे होते. गोठा उभा राहिला. त्यात ती आणि एक गाय. नवरा दिगंबर खळ्यावर उडदाच्या राखणीला गेलेला, तोही वाचला. सासूला लष्कराच्या पोरांनी दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर काढलं. खुबा मोडला होता, दोन्ही कुशींना दोन नातू होते, आणि ती जिवंत होती.

तिला स्ट्रेचरवर घालताना मी तिथंच होतो. डोळे उघडल्यावर तिनं सून बघितली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: “देवानं पोरं नेली आन् इटाळ ठिवला.”

शिबिराच्या आठ दिवस आधी मी फॉर्म घेऊन त्यांच्या शेडवर गेलो होतो. गावापासून कोसभर अंतरावर सरकारनं पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या केल्या होत्या. प्रत्येकाला एक खोली. एकाच्या घरात खोकला आला की तीन घरांपलीकडचा माणूस पाणी पी म्हणायचा. दिगंबरनं मला पोतं अंथरून दिलं. म्हातारी कोपऱ्यात खाटेवर पडलेली. खुबा सांधला नव्हता. तिला कूस बदलायलाही माणूस लागायचं. ते माणूस म्हणजे प्रयाग.

“आणा हिकडं फारम,” दिगंबर म्हणाला आणि त्यानं सही केली. वाईट माणूस नव्हता. सही करता करता त्याचे डोळे भरले. “दादा, घरात पोराचा आवाज न्हाई. रातच्याला पत्र्यावर मांजर चाललं तरी बरं वाटतंय.”

“होईल सगळं नीट,” मी म्हणालो.

“झालं तर झालं. न्हाई तर तुळसा हाय.”

“कोण तुळसा?”

म्हातारी खाटेवरून म्हणाली, “माझ्या भावाची नात. आई-बाप गेले की तिचं बी. एकुणीस वर्साची हाय. चुलता द्यायला तयार हाय. नारळ आन् पोरगी.”

“मग हिचं काय?” मी प्रयागकडं बोट केलं. ती चुलीपाशी पाठमोरी बसली होती.

दिगंबरनं नाक पुसलं. “हिची नस जुळली तर ही हायच की. तुळसाचा इषयच न्हाई. आन् न्हाई जुळली, तर हिनं कुठं बी जावं. माह्यारी जावं, कुठं बी. माझी आडकाठी न्हाई. तुमच्यासमोर बोललो दादा, उद्या बदलायचा न्हाई.”

“बोलला तसं वागतोय माझा ल्योक,” म्हातारी म्हणाली. “ए, मला वळीव गं जरा.”

मी निघालो तेव्हा प्रयाग घागर घेऊन माझ्यामागं पाण्याच्या टाकीपर्यंत आली.

“दादा, काय बोलले ते ऐकलाव न्हवं तुमी?”

“ऐकलं. घाबरू नको. मोठे डॉक्टर आहेत, नस जुळेल.”

“जुळाय नगं,” ती म्हणाली.

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काही चुकलं. तिनं घागर खाली ठेवली.

“सडकंच्या पलीकडं संस्थेचं वसतिगृह निघालंय बगा. भूकंपातली लेकरं हाईत तिथं, आई-बाप नसल्याली. सत्तेचाळीस हाईत. म्या दोन दिस भाकरी थापाय गेलते. तिथल्या विमलताई म्हनल्या, कायमची ऱ्हा, खोली देतो. पर नवऱ्याची बाई त्यास्नी चालत न्हाई. मागनं नवरे येऊन भांडतेत म्हनं. नवऱ्यानं सोडलं आसंल तर ये म्हनल्या.”

“अगं, पण…”

“तिथं लेकरं अंगाला शिवतेत, दादा. एक पोरगं जेवून उठलं आन् माझ्या पदराला हात पुसून गेलं. इचारलं न्हाई, काय न्हाई. पुसला आन् गेलं. मला आता पोटात नगं. भाईर हाईत तेवढी बास हाईत.”

“मग ऑपरेशनला नाही म्हण.”

“कसं म्हनायचं?” मी इतक्या बायकांना ‘हो’ म्हणायला लावलं होतं, पण ‘नाही’ कसं म्हणायचं हे मलाही ठाऊक नव्हतं.

“तुमी फेल सांगा,” ती म्हणाली. “काय बी निघू द्या, तुमी फेल सांगा. तुमचं ऐकतेत त्ये. येवढंच करा. म्या कदी काय मागितलं न्हाई तुमास्नी.”

“बघू.”

“बघू न्हाई. हो म्हना.”

“हो,” मी म्हणालो.

आता शिबिराकडं येतो. तालुक्याच्या दवाखान्यात त्या दिवशी लग्नघराची कळा होती. आवारात मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांवर नवरे. आमच्या जीपनं पाच खेपांत आणलेल्या बायका आत सतरंज्यांवर ओळीनं निजवलेल्या. बाहेर भोंगा लावलेला. नवऱ्यांना पोहे आणि बायकांना सलाईन. एका टेबलावर साड्यांचा ढीग होता. शासनातर्फे प्रत्येक शस्त्रक्रिया झालेल्या भगिनीस एक साडी. भगिनी भुलीत असल्यानं साड्या नवऱ्यांच्या हाती द्यायच्या, असं ठरलं होतं.

प्रयागला अकरा वाजता आत नेलं. जाताना तिनं मला विचारलं, “दादा, ध्यानात हाय न्हवं?” मी मान हलवली. दीड तासानं सर्जन बाहेर आले. सकाळपासून उभे राहून कावलेले. टोपी काढून त्यांनी ती माझ्याच फायलीवर आपटली.

“ह्या बाईचं पहिलं ऑपरेशन कुणी केलं होतं?”

“कॅम्पमध्ये झालं होतं, सर.”

“कॅम्प होता की गवत कापणीचा कार्यक्रम? दोन्ही बाजूंना जोडण्यासारखं काही शिल्लकच ठेवलेलं नाही. मी उघडलं आणि परत शिवलं. हिला मूल होणं शक्य नाही. लिहून घ्या.”

मी लिहून घेतलं. त्यांनी खाली सही केली. तो कॅम्प कुणाचा होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. घड्याळ मनगटावर होतं; बाही खाली ओढली.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. खोटं बोलायची गरजच उरली नव्हती. तिनं मागितलेलं खोटं आयतंच खरं निघालं होतं. मी फक्त कागद वाचायचा होता. दिगंबर शब्दाचा पक्का. ती आठ दिवसांत वसतिगृहात गेली असती आणि सत्तेचाळीस पोरांनी तिच्या पदराला हात पुसले असते.

चार वाजता मोहिमेचे साहेब आले. त्यांनी माझ्याकडून यादी घेतली आणि पेन्सिलीनं खुणा करत मोजायला लागले.

“चाळीस. पैकी सव्वीस यशस्वी. चौदा नाही.” त्यांनी वर बघितलं. “साबणे, बाहेर चाळीस नवरे बसलेत.”

“हो साहेब.”

“पोरं गेलेली माणसं आहेत. त्यांच्यातल्या चौदा जणांना तुम्ही भोंग्यावरून सांगणार, तुमचं जमलं नाही? उरलेल्या सव्वीस जणांसमोर?”

“मग काय करू, साहेब?”

“आज सगळे यशस्वी. ज्यांचं नाही, त्यांच्या घरी नंतर जाऊन शांतपणे सांगा. तुम्ही बोलण्यात हुशार आहात. माणुसकी नावाची काही गोष्ट असते की नाही?”

माणुसकीचा असा लेखी नसलेला हुकूम घेऊन मी मांडवात आलो आणि माइक हातात घेतला. एकेक नाव घ्यायचं, ‘यशस्वी’ म्हणायचं; नवऱ्यानं उठून यायचं, साडी घ्यायची, हात जोडायचे. मागं बसलेले दोघं-तिघं टाळ्या वाजवायला नेमलेले होते, पण थोड्या वेळानं सगळेच वाजवायला लागले. माणसं रडत होती. एकानं साडी डोक्याला लावली.

तेविसावं नाव प्रयागचं होतं.

हुकूम होता, हे खरं. पण हुकुमाच्या आड लपायला मी तेवढा बारीक नाही. चौदांतल्या एकीचं नाव मी गाळू शकलो असतो. साहेब चहा पीत होते, मोजत नव्हते. तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन कागद दाखवू शकलो असतो. मी समोर बघितलं. दिगंबर पहिल्या रांगेत होता. धुतलेली टोपी, कुणाचा तरी मागून आणलेला सदरा. ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असावा. मला वाटलं, हे घर आत्ता माझ्या एका शब्दावर उभं आहे. फेल म्हणालो की उद्या तुळसा येणार आणि ही बिचारी परक्यांच्या भाकरी थापायला जाणार. भरल्या कपाळाची बाई. दुःखात माणूस काहीबाही बोलतं. टाकीवर घागर घेऊन उभी राहिलेली बाई काय बोलली, ते धरून कुणी कुणाचं घर मोडतं का? आणि आयुष्यात माझ्यामुळं कुणाचं घर मोडलं असं कुणी म्हटलेलं नव्हतं. त्याचा मला घड्याळापेक्षा जास्त अभिमान होता.

“प्रयाग दिगंबर इंगळे,” मी म्हणालो. “यशस्वी.”

भोंग्याचं एक तोंड दवाखान्याकडं होतं.

दिगंबर आला आणि माझ्या पायाच पडला. मी त्याला उठवलं. साडी हिरव्या रंगाची होती.

संध्याकाळी मी आत गेलो. प्रयाग शुद्धीवर होती. वरच्या पत्र्याकडं बघत पडलेली.

“ऐकलं म्या,” ती म्हणाली. “जुळलं मंजे.”

“बरं वाटतंय का आता?”

“तुमी तरी काय करनार. समद्यांसमोर कागद वाचायचा मनल्यावर खोटं कसं बोलनार. सरकारी मानूस तुमी.” तिनं डोळे मिटले. “ऱ्हाऊ द्या, दादा. माझं नशीबच आसं हाय.”

ती माझी समजूत काढत होती. मी काढू दिली.

पाठपुरावा म्हणून एक तक्ता असतो. शस्त्रक्रिया झालेल्या बाईच्या घरी दर महिन्याला जाऊन पाळी आली की चुकली, ते भरायचं. तेरा घरी जाऊन मी शांतपणे खरं ते सांगून आलो. चौदाव्या घरी दर महिन्याला गेलो आणि तक्ता भरत राहिलो. तक्ता भरता यावा म्हणून सर्जनच्या कागदावरची ओळ खोडून मी माझ्या अक्षरात ‘यशस्वी’ लिहिलं. तसं अक्षर माझं चांगलं आहे.

पण इंगळ्यांच्या शेडवर विचारायची गरजच पडायची नाही. पाळी आली की प्रयाग बाहेर बसलेली असायची. आधी निदान गोठा होता. आता एक खोली आणि एक रस्ता. त्यामुळं ती रस्त्याच्या कडेला पोत्यावर बसायची. येणारा-जाणारा बघायचा. दर महिन्याला चार दिवस तिचा निकाल अख्ख्या वस्तीत लागायचा, तोही भोंग्याशिवाय.

“बसली का गं?” शेजारीण विचारायची.

“बसली की,” आतून म्हातारी उत्तर द्यायची. “सरकारनं दुरुस्त करून दिली, तरी बसली.”

त्या चार दिवसांत म्हातारीची कूस बदलायला कुणी नसायचं. ती ओरडत राहायची. पाचव्या दिवशी प्रयाग न्हाऊन आत आली, की चार दिवसांचं ओरडणं एकदम मिळायचं. दिगंबर आधी गप्प होता. पाचव्या महिन्यात त्यानं बुवाचा अंगारा आणला. सातव्यात कसलासा पाला आणला. तो पिऊन ती तीन दिवस ओकत होती. नवव्या महिन्यात मी गेलो तर तिच्या कानाजवळ काळंनिळं होतं.

“पडलीस का?” मी विचारलं.

“व्हय,” ती म्हणाली. “पडले.”

दिगंबर दारात उभा होता. “दादा, तुमीच सांगा हिला. इलाज सरकारी, डाक्तर शेहरातला, यशस्वी तर यशस्वी. मग आडलंय कुठं? हीच मनात धरून बसलीय. हिलाच नगं हाय.”

“असं मनात धरून काही होत नाही,” मी म्हणालो.

“मग खोट कुठाय, सांगा.”

मी तक्त्यात तारीख भरली.

तेराव्या महिन्यात संस्थेच्या विमलताई मला बस स्टँडवर भेटल्या. म्हणाल्या, “साबणे, ती तुमची प्रयाग येणार आहे की नाही? स्वयंपाकाची बाई सोडून चालली. सोमवारपर्यंत कुणीतरी बघायलाच हवं. दुसरी एक तयार आहे, पण पोरं हिचंच नाव काढतात. दोनच दिवस आली होती, काय केलं होतं हिनं?”

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल. लागली. पण सकाळी उठलो ते ठरवूनच.

गेलो तेव्हा दिगंबर पाटावर बसून जेवत होता. प्रयाग वाढत होती. म्हातारी खाटेवर. मी उभ्यानंच बोललो, नाही तर बोललो नसतो.

“दिगंबर, तिचं ऑपरेशन फेल गेलं होतं. त्याच दिवशी. नस जुळलीच नाही, जुळण्यासारखी नव्हतीच. मी माइकवर खोटं बोललो. तिला सोड.”

प्रयागचा हात वाढता वाढता थांबला. पळीतलं कालवण ताटाबाहेर सांडलं.

दिगंबरनं घास गिळला, पाणी प्याला आणि हसला.

“हिनं पाठवलं व्हय तुमास्नी?”

“हिचा काही संबंध नाही.”

“दादा दादा करतीया तुमास्नी. मला ठावं न्हाई का? त्या वसतिगृहावाल्या बाईची खेप झाली आसंल परत.” तो उठून हात धुवायला लागला. “भरल्या मांडवात भोंग्यावर बोललाव. आता कानात येऊन दुसरंच सांगलालाव. यातलं खरं कुठलं धरू?”

“हे धर.”

“कागद दावा.”

कागद माझ्या पिशवीतच होता. मी तो काढला नाही. त्याच्यावर माझ्याच वळणदार अक्षरात काय होतं, ते मला माहीत होतं. दिगंबरला इंग्रजी येत नव्हतं, पण मराठी यायचं.

“न्हाई न्हवं?” तो म्हणाला. “बसा, जेवा. दोन घास खावा आन् सोडा इषय. आन् ध्यानात धरा, तुळसाचं बी ठरवलंय आता. ही हाय, ती बी यिऊ दे. हिची नस चांगली हाय मनल्यावर हिला सोडून कसं चालंल? हिचं होईल तवा होईल. तवर आईला बघाय मानूस लागतंय की.”

“बराबर हाय,” म्हातारी म्हणाली.

दुसरं लग्न कायद्यात बसत नव्हतं. पण त्या वर्षी आमच्याकडं माणसं घरांतही बसत नव्हती, त्यामुळं ते कुणाच्या नजरेला खुपलं नाही.

मी बाहेर पडलो. टाकीपर्यंत गेलो, तेव्हा मागून पावलं वाजली. प्रयाग घागर न घेताच आली होती.

“खरं हाय का, दादा, त्ये?”

“खरं आहे.”

“फेलच गेलतं?”

“हो.”

ती तिथंच टाकीच्या कठड्याला धरून खाली बसली. मला वाटलं, आता रडेल; पण रडली नाही. बोटांवर काहीतरी मोजत होती. तेरा महिने असावेत.

“मंजे माझ्यात खोट नव्हती.”

“नव्हती.”

“त्यो पाला प्याले, त्यो उगीच.”

मी पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“मी देवाला मनत हुते,” ती म्हणाली. “माझ्या मनात नगं हुतं, मनून यीना झालंय. पोरास्नी बी म्याच आत धाडलं आन् आता हे बी म्याच येऊ दीना झालेय. मनून मारलं तर म्या कदी हात आडवा न्हाई घातला.” ती वर बघून म्हणाली, “तुमास्नी त्याच दिशी ठावं हुतं?”

“दुपारीच. डॉक्टरांनी मलाच लिहायला लावलं.”

“मंग सांजच्याला तुमी माझ्यापाशी येऊन हुबे ऱ्हायलाव तवा?”

“तेव्हाही.”

“दर म्हैन्याला यायलाव तवा?”

“हो.”

वस्तीत कुणीतरी रेडिओ लावला होता. मग तिनं विचारलं, आणि त्या आवाजात राग असता तर मी ते केव्हाच विसरून गेलो असतो. नुसतं विचारलं, जसं एखादं पोर विचारतं.

“त्यास्नी न्हाई सांगितलं, ऱ्हाऊ द्या. सायेबाचा हुकूम आसंल. पर मला का न्हाई सांगितलं, दादा? माझ्या कानात तरी?”

मी कारण शोधायला लागलो. हुकूम, घर, कपाळ, दया. सगळी चांगली चांगली कारणं होती आणि त्यांतलं एकही ह्या प्रश्नाचं नव्हतं. मी सर्जनकडून लिहून घेतलं होतं, साहेबांना यादी दिली होती, चाळीस नवऱ्यांना निकाल वाचून दाखवला होता. चाळीस बायका भिंतीपलीकडं होत्या. त्यांतल्या एकीलाही मी तिचा निकाल सांगितला नव्हता. जिचं खरंच यशस्वी झालं होतं, तिलाही नाही. तेरा घरी गेलो, तिथंही मी नवऱ्यालाच बाहेर बोलावून सांगितलं होतं.

“सुचलं नाही,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली. पटल्यासारखी.

मागून म्हातारीची हाक आली, मला वळवा म्हणून. प्रयाग उठली, लुगडं झटकलं आणि गेली.

वसतिगृहात सोमवारी दुसरी बाई लागली. वैशाखात दिगंबरचं तुळसाशी लग्न झालं, शेडच्या मागच्या मोकळ्या जागेत. मला आमंत्रण होतं आणि मी गेलो. त्या घराशी माझा जुना संबंध. पंगतीत बसलो. नवरी आता वीसची होती पण दिसायला चौदाची. सारखी प्रयागच्या मागं मागं फिरत होती. त्या गर्दीत तिला धरायला दुसरं कुणी नव्हतं.

जिलबी प्रयागच वाढत होती, हिरवी साडी नेसून. शेजारच्या पाटलांना तिनं हात धरून चार वाढल्या, त्यांच्या पलीकडच्याला शपथ घालून तीन. माझ्यापुढं आली, एक वाढली, आणि आग्रह न करता पुढं गेली.